घरातल्या फोटोंची मापं: उंची पक्की, रुंदी मोकळी

फोटो भिंतीवर लावायचा झाला की बहुतेक घरांत एकच क्रम चालतो. आवडलेला फोटो व्हॉट्सॲपवरून स्टुडिओत धाडायचा आणि "साइज कुठली?" असं विचारलं गेलं की तिथंच टांगलेल्या एखाद्या फ्रेमकडे बोट दाखवायचं. सहा महिन्यांनी दुसरा फोटो, दुसरं दुकान, दुसरं माप. त्यात वास्तुशांतीला कुणी ए-फोर आकाराची फ्रेम भेट देतं, कुणी साखरपुड्याचा दहा बाय बारा मढवून आणतं. एकेक फोटो पाहिला तर छान असतो. भिंत मात्र विस्कटलेली दिसते, आणि नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही.

खटकतात ती मापं. फोटो आधी आणि माप नंतर, हा क्रम उलटा करायचा. आधी घरासाठी एक उंची ठरवायची आणि पुढचा प्रत्येक फोटो त्या उंचीतच छापायचा. रुंदी फोटोच्या गरजेप्रमाणे कमीजास्त झाली तरी चालते.

हे पटत नसेल तर पाकीट उघडा. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमुळे नोटा आपल्याकडे घरच्याच, तेव्हा उदाहरणही तेच घेऊ. सध्याच्या मालिकेतल्या ५०, १००, २०० आणि ५०० रुपयांच्या नोटा शेजारी शेजारी ठेवा. रुंदी अनुक्रमे १३५, १४२, १४६ आणि १५० मिलिमीटर, म्हणजे प्रत्येकीची वेगळी. उंची मात्र चौघींची ६६ मिलिमीटर. म्हणून गड्डी नीट बसते आणि डोळ्याला त्या एका घरातल्या वाटतात. भिंतीवर आपल्याला हेच करायचं आहे.

आधी भिंत मोजा

मेजरिंग टेप घ्या आणि सगळं इंचांत लिहा. स्टुडिओ, फ्रेमवाला, सुतार, तिघांचीही भाषा इंचांचीच असते. सेंटिमीटर मध्येच घुसवले की गोंधळ होतो. भिंतीची पूर्ण रुंदी फारशी उपयोगाची नाही. फोटोंच्या खाली काय आहे त्याची रुंदी महत्त्वाची: सोफा, दिवाण, टीव्हीचं युनिट. फोटोंचा सगळा गट त्या वस्तूच्या रुंदीच्या आत राहिला पाहिजे, साधारण तीन चतुर्थांश व्यापला तर उत्तम. सहा फुटी सोफा म्हणजे ७२ इंच, तर गट ५४ ते ६० इंचांचा.

मोजतानाच भिंतीवर हात फिरवून ओल आहे का तेही पाहा. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत काय किंवा नव्या फ्लॅटच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर काय, पावसाळ्यात पोपडे येत असतील तर ती भिंत फोटोंसाठी नाही.

तुमच्या फोटोंचा घाट ओळखा

नवख्या माणसाची गाडी इथेच अडते, म्हणून जरा सविस्तर.

फोटोला माप असतं तसं बाजूंचं प्रमाणही असतं, तोच त्याचा घाट. मोबाईलचा कॅमेरा नेहमीच्या सेटिंगवर ४:३ प्रमाणात फोटो काढतो. डीएसएलआर आणि बहुतेक मिररलेस कॅमेरे ३:२ काढतात. स्टुडिओतला लोकप्रिय ४×६ हा ३:२ आहे, ८×१० हा ५:४ आहे, आणि ए-फोर कागद यांपैकी कशातच बसत नाही. म्हणून मोबाईलचा फोटो ४×६ वर छापला की काहीतरी कापलं जाणारच. किती? उंचीतला नववा भाग. रामकुंडावर काढलेल्या कुटुंबाच्या फोटोत मागे उभ्या असलेल्या उंच मामांचे केस जातात ते या नवव्या भागात.

ही प्रमाणं आली कुठून, तेही मजेदार आहे. मूकपटांच्या काळात ३५ मिलिमीटर फिल्मवरची एक चौकट २४×१८ मिलिमीटरची असायची, म्हणजे ४:३. आपले त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी फोटोग्राफी करायचे, आणि मग त्यांनी मूकपट काढले ते याच घाटात. पुढे जर्मनीत ऑस्कर बार्नाक यांनी तीच सिनेमाची फिल्म आडवी फिरवून दोन चौकटींच्या जागेत एक फोटो बसवला. तो झाला ३६×२४, म्हणजे ३:२. तो लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला आणि पुढे ४×६ ला चलन मिळालं. आज तुमच्या हातातला मोबाईल ४:३ वर आहे आणि दुकानातला कागद ३:२ वर, एवढीच ही भानगड आहे.

आणखी दोन घाट घरात सापडतात. जुन्या अल्बममधले छोटे चौकोनी काळे-पांढरे फोटो बहुधा ॲग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यातले असतात. त्याच्या एका रोलवर ६×६ सेंटिमीटरचे बारा फोटो यायचे. दुसरा घाट म्हणजे मोबाईलवर पूर्ण पडदा भरणारा १६:९. हे सेटिंग असेल तर आजच बदलून ४:३ करा. बहुतेक मोबाईलमध्ये १६:९ म्हणजे त्याच ४:३ फोटोचं वरचं-खालचं छाटलेलं रूप असतं. नंतर छाटायचं की नाही हे आपल्या हातात राहिलेलं बरं.

उंची ठरवा

साधारण टू-बीएचके घराच्या बैठकीसाठी माझं मत स्पष्ट आहे: आठ इंच. या उंचीत लागणारी सगळी मापं सहज छापून मिळतात.

आडवा, भरपूर आकाश किंवा पाणी असलेला फोटो: ८ उंच, १२ रुंद.
आडवा, माणसांनी भरलेला फोटो: ८ उंच, १० रुंद.
जुना चौकोनी फोटो: ८ बाय ८.
उभा फोटो: ८ उंच, ६ रुंद.

यातला शेवटचा फार सोयीचा आहे. मोबाईल उभा धरून काढलेला फोटो ३:४ असतो आणि ६×८ ही तेच प्रमाण, त्यामुळे काहीही कापलं जात नाही. ८×१० वर मोबाईलचा आडवा फोटो बसवताना रुंदीतला सोळावा भाग जातो, तो सहसा जाणवत नाही. ८×१२ वर मात्र वर सांगितलेला नववा भाग जातो. म्हणून ८×१२ हा अंजनेरीच्या डोंगरासाठी, नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीसाठी, गंगापूर धरणावरच्या संध्याकाळसाठी. तिथं वरून आकाशाची पट्टी गेली तर कुणाचं काही बिघडत नाही. माणसांचा फोटो ८×१० वर. मोठ्या लॅबमध्ये ब्रह्मगिरीचा लांबलचक पॅनोरमाही ८ इंच उंचीत निघतो, फक्त आधी विचारून घ्या.

आठच का, यामागे एक छापखान्यातलं कारणही आहे. लॅबमधलं मशीन फोटोचा कागद रोलवरून ओढतं. रोलची रुंदी ठरलेली असते, चार, पाच, सहा, आठ, दहा, बारा इंच अशी. लांबी मशीन हवी तशी कापतं. वरची चारही मापं आठ इंची एकाच रोलमधून निघू शकतात. एकदम छापून घेतली तर कागद तोच, रंगाचा पोतही तोच.

खोली लहान असेल तर सहा इंच धरा: उभा ४×६, चौकोनी ६×६, आडवे ६×८ आणि ६×९. उंच छताचा मोठा हॉल असेल तर बारा: उभे ८×१२ आणि ९×१२, चौकोनी १२×१२, आडवे १२×१६ आणि १२×१८. एका भिंतीवर एकच उंची, हा नियम मात्र मोडू नका. जिन्याच्या भिंतीला सहा आणि बैठकीला आठ, असं चालेल.

आजी-आजोबांचे हार घातलेले फोटो या हिशेबात ओढू नका. त्यांची जागा, त्यांची फ्रेम, त्यांचं माप वेगळंच असतं आणि ते तसंच राहावं. तिथं एकसारखेपणा आणायला गेलात तर घरातली मोठी माणसं दुखावतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

कागदावर भिंत मांडून पाहा

आता बेरीज. फोटोभोवती सगळीकडून दोन इंचांचा माउंट (फ्रेमच्या आत बसणारी जाड पुठ्ठ्याची चौकट) धरला तर फोटोची प्रत्येक बाजू चार इंचांनी वाढते. ८×१२ ची फ्रेम १२×१६ होते, ८×१० ची १२×१४, ८×८ ची १२×१२, आणि उभ्या ६×८ ची १० रुंद, १२ उंच. सगळ्या फ्रेम बारा इंच उंच झाल्या.

सोफ्यावरची पहिली ओळ: एक ८×१२, एक उभा, एक ८×१०, एक उभा. रुंदी १६, १०, १४ आणि १०, मिळून ५०. मधल्या तीन फटी दोन-दोन इंचांच्या, म्हणजे एकूण ५६. दुसरी ओळ लावायची असेल तर दोन ८×१०, एक चौकोनी, एक उभा: १४, १४, १२, १०. पुन्हा ५०, पुन्हा ५६. दोन्ही ओळींच्या कडा जुळल्या, आतली रचना वेगळी राहिली. अशा जोड्या जुळवायला मजा येते. वहीवर पाच-सहा मांडण्या करून बघा.

हा हिशेब आतल्या मापाचा आहे. फ्रेमची पट्टी पाऊण इंची असेल तर प्रत्येक फ्रेम दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे एक इंच वाढते, म्हणजे चार फ्रेमची ओळ साठ इंचांवर जाते. ७२ इंची सोफ्यावर ते अजूनही आरामात बसतं.

छाटणी स्वतः करा

दुकानात फाइल गेली आणि माप जुळत नसेल तर मशीन मधोमध धरून दोन्हीकडून कापतं. मशीनला मामा कळत नाहीत. म्हणून मोबाईलच्या गॅलरीत क्रॉप उघडा, प्रमाण पक्कं करा आणि चौकट स्वतः सरकवा. ८×१२ साठी ३:२, ८×१० साठी ५:४, उभ्या ६×८ साठी ३:४, चौकोनीसाठी १:१. तुमच्या ॲपमध्ये ५:४ नसेल तर तेवढं एक काम स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर समोर बसून करून घ्या.

छाटताना मूळ फोटो तसाच राहू द्या आणि नवी प्रत जतन करा. प्रतीच्या नावात माप लिहा, "अंजनेरी ८×१२" असं. पंधरा फोटो झाले की कुठला कशासाठी हे कुणालाच आठवत नाही.

कापताना पाहायचं ते एवढंच: सांध्यावर कापू नका. मनगट, गुडघा, घोटा इथं कड आली की माणूस तुटल्यासारखा दिसतो. दंड किंवा मांडी चालते. पांडवलेण्याच्या पायऱ्यांवर उभ्या पोराचा फोटो असेल तर पायाखालची एक तरी पायरी राहू द्या.

फाइल पुरेशी आहे का

हातात धरून पाहायच्या फोटोला इंचाला ३०० पिक्सेल हवेत. भिंतीवरचा फोटो दोन-तीन फुटांवरून पाहतात, तिथं २०० वर भागतं. ८×१२ साठी २४०० बाय १६०० पुरेसे, ३६०० बाय २४०० असतील तर फारच छान. बारा मेगापिक्सेलचा मोबाईल फोटो ४००० बाय ३००० असतो, छाटल्यावरही भरपूर उरतं.

मग फोटो भुरकट का येतात? बहुतेक वेळा व्हॉट्सॲपमुळे. तिथून साधा पाठवलेला फोटो आकसतो आणि लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते. बारा इंचांत १६०० म्हणजे इंचाला १३३. "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. ईमेल किंवा पेनड्राइव्हही चालेल. नातेवाइकांच्या ग्रुपवरून उतरवलेला लग्नाचा फोटो असेल तर ज्यानं काढला त्याच्याकडूनच मूळ मागवा. थोडी भीड सोडावी लागते.

जुने चौकोनी फोटो स्कॅन करताना किमान ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) सांगा, जमलं तर १२००. सव्वादोन इंची फोटो ६०० वर स्कॅन केला तर १३५० पिक्सेल मिळतात, आठ इंचांत इंचाला १७० भरतात. जुन्या फोटोच्या मऊपणाला तेवढे खपतात.

दुकानात काय सांगायचं

मेन रोडवर जा, कॉलेज रोडला जा, नाहीतर घराजवळच्या स्टुडिओत, सांगायचं तेच. माप इंचांत सांगा. "पोस्टकार्ड साइज" किंवा "मोठी साइज" म्हणू नका, दुकानागणिक अर्थ बदलतो. "फोटो मापात छाटलेले आहेत, आणखी कापू नका" हे स्पष्ट सांगा. रंगांचं ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा, नाहीतर संध्याकाळची गोदावरी दुपारसारखी पांढरी होऊन येते. कागद मॅट घ्या. समोर खिडकी किंवा ट्यूबलाइट असेल तर ग्लॉसीवर फोटोऐवजी खिडकीच दिसते. आणि पूर्ण लॉट टाकण्याआधी एकच फोटो छापून घरी आणा, त्याच भिंतीवर दिवसा आणि रात्री धरून पाहा. मगच बाकीचे.

मढवताना

माउंट हा शोभेचा खर्च वाटतो, पण त्याचं खरं काम काच आणि फोटो यांच्यात अंतर ठेवणं. अंतर नसेल तर दमट हवेत फोटो काचेला चिकटतो, आणि सोलायला गेलं की रंग काचेवरच राहतो. फ्रेमवाल्याला माउंटची खिडकी फोटोपेक्षा प्रत्येक बाजूला एक सूत (इंचाचा आठवा भाग) लहान कापायला सांगा, म्हणजे फोटोची कड दबून राहील. माउंट पांढरट, सगळ्यांना एकच. पट्टीही एकच. मापं वेगळी असूनही भिंत जुळलेली दिसते त्यात निम्मा वाटा या दोन गोष्टींचा असतो.

माउंट-काच नको, एमडीएफवर (दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या फळीवर) लॅमिनेशन हवं, असं असेल तर तेही चालेल. स्वस्त पडतं आणि काच फुटायची भीती नाही. पण मग भिंतीवरचे सगळेच तसे करा. अर्धे काचेचे आणि अर्धे लॅमिनेशनचे, हे नको. तेव्हा माउंटची वाढ मिळत नाही, बेरीज पुन्हा मांडा.

टांगताना

रद्दीतले पेपर फ्रेमच्या मापाचे कापा आणि टेपनं भिंतीवर चिकटवा. दोन दिवस तसेच राहू द्या. घरातला कुणीतरी येता-जाता "हे जरा खाली घ्या" म्हणतोच, आणि बहुधा ते बरोबर असतं, कारण आपण फोटो नेहमी फार वर लावतो. संग्रहालयांत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर ठेवतात. मोकळ्या भिंतीला तेच माप घ्या. सोफ्यावर लावताना सोफ्याच्या पाठीपासून आठ इंच सोडा. पाठ ३३ इंचांवर असेल तर पहिली ओळ ४१ वर सुरू होते, आणि दोन ओळी मिळून मध्य ५४-५५ च्या आसपास येतो. एकच ओळ असेल तर मध्य आणखी खाली येईल. येऊ द्या, बसलेल्या माणसाला तेच बरं दिसतं.

खिळा कुठं, हे फ्रेमच्या वरच्या कडेवरून ठरवू नका. मागची तार बोटानं ताणून धरा, तारेपासून वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि पेपरवर तेवढं खाली टिंब करा. खिळा पेपरमधूनच ठोका, मग पेपर फाडा. वाड्याच्या जुन्या मातीच्या भिंतीत प्रत्येक फोटोला खिळा ठोकत बसण्यापेक्षा एक लाकडी पट्टी आडवी पक्की करून घ्या आणि सगळे फोटो तिला टांगा. उंची एक असल्यामुळे हे जमतं. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे किंवा फेल्टचे तुकडे चिकटवा. हवा खेळती राहते, फ्रेमही तिरकी होत नाही.

अल्बमचं फार सांगण्यासारखं नाही. खिसे ४×६ चेच मिळतात, तेव्हा सगळे ४×६ वर छापा. जिथं नववा भाग कापणं परवडत नाही, तिथं दुकानात "कापू नका, बाजूला पांढरी पट्टी चालेल" असं सांगा.

सगळं टांगून झालं की उंची, माउंट, पट्टीचा नंबर आणि कागदाचा प्रकार मोबाईलमध्ये लिहून ठेवा. फ्रेमवाल्याकडून त्याच पट्टीच्या दोन जादा फ्रेम, एक १२×१४ आणि एक उभी १०×१२, आत्ताच करून घ्या. पट्टीचं डिझाइन वर्ष-दोन वर्षांत बाजारातून जातं. सिंहस्थाचं मुख्य पर्व २०२७ मध्ये आहे, तेव्हा घाटावर पाहुणे येतील आणि फोटो निघतील ते निघतीलच. उभे असोत की आडवे, कॅमेरा तेवढा ४:३ वर ठेवा.